पोटाचे मस्टर

मराठी माणूस पोटाविषयी बोलायला लाजत नाही. साठी उलटली की तर नाहीच नाही. माझ्या निवृत्त सहकाऱ्यांत ‘आज झाले का?’ हा प्रश्न ‘कसे काय?’च्या जागी विचारला जातो. बँकेत दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही हवी, तशी या मंडळींना सकाळी सहाला पोटाची सही हवी. ती चुकली की दिवसभर चेहऱ्यावर लेट मार्क!

हल्ली यांच्या हाती एक छोटी बाटली आली आहे. आंबवलेले दूध, आणि त्यात पोटाला उपकारक असे जिवंत जंतू. यालाच प्रोबायोटिक म्हणतात. कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉव्ह हे १९०८च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. आतड्यातले कुजवणारे जंतू माणसाला म्हातारे करतात आणि आंबट दुधातले जंतू त्यांना आवर घालतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातले दीर्घायुषी शेतकरी हा त्यांचा दाखला. स्वतः मेचनिकॉव्ह आंबवलेले दूध नेमाने पीत; १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी ते गेले. पुढे जपानच्या मिनोरू शिरोटा यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जंतू वाढवला आणि १९३५ मध्ये ‘याकुल्ट’ बाजारात आले.

आमच्याकडे विरजण शेजारून वाटीतून येई. त्यात कोणते जंतू, किती, याची खतावणी कोणी ठेवली नाही. प्रोबायोटिक म्हणवून घ्यायला नेमका जंतू, पुरेशी संख्या आणि सिद्ध झालेला फायदा लागतो. घरचे दही या परीक्षेला बसलेलेच नाही. म्हणून ते वाईट ठरत नाही. (कढी उकळली की बिचारे जंतू संपलेच. पण कढी कोणी जंतूंसाठी पितो का?)

मग बाटलीने पोट साफ होते का? काही ठरावीक जंतूंमुळे अन्नाचा आतड्यातला प्रवास थोडा लवकर उरकतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे. थोडा, हा शब्द महत्त्वाचा. शिवाय हे पाहुणे जंतू सहसा मुक्काम ठोकत नाहीत. पिणे थांबले की काही दिवसांत निघून जातात. ही मुदत ठेव नव्हे, रोज भरणा करावा लागणारे खाते आहे.

जन्मभर कर्जाच्या कागदांवरचा बारीक मजकूर वाचल्यामुळे मला अमेरिकेतला एक किस्सा फार आवडला. तिथे डॅनन कंपनी ‘ॲक्टिव्हिया’ दही रोज एकदा खाल्ले तर पोट नियमित होते, अशी जाहिरात करी. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड केली. पोटाच्या नियमिततेचा दावा करायचा, तर दिवसातून तीनदा खावे लागते हे सांगणे बंधनकारक झाले. शिवाय ३९ राज्यांना मिळून २ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले.

खरे तर निरोगी प्रौढाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातले काहीही चालते. त्रास नसेल तर एखाद्या दिवसाचा खाडा हा आजार नव्हे. मात्र नेहमीची सवय अचानक बदलली तर गोष्ट वेगळी. माझ्या एका मित्राचे तसे झाले. तो सहा महिने बाटल्या पीत राहिला. बायकोने हट्टाने डॉक्टरांकडे नेले तेव्हा आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आज बरा आहे. पण ते सहा महिने आठवले की वहिनींचा आवाज अजून कापतो.

पन्नाशीनंतर सवय बदलली, शौचातून रक्त गेले, विनाकारण वजन उतरले, तर बाटली बाजूला ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी तर हे जंतू विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बाकीच्यांनी हवी तर खुशाल प्यावी. मधुमेह असेल तर मात्र लेबलावरचा साखरेचा आकडा चष्मा लावून वाचावा. तो बहुधा मागच्या बाजूला असतो.