करवंदाच्या जाळ्या लांब गेल्या

मैत्रिणींनो, मे महिन्यात लोणावळा-खंडाळ्याकडे आलात की रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं-जांभळं मांडून बसलेल्या कातकरी-ठाकर बायका दिसतात. भाव थोडा पाडून आपण द्रोण घेतो नि पुढे जातो. बचत गटाच्या कामासाठी मी त्यांच्या वस्तीवर जाते, तेव्हा हल्ली एकच गाऱ्हाणं ऐकू येतं, "ताई, जाळ्या लांब गेल्या." आता जाळ्या काय चालत जातात? वस्तीलगतच्या उतारांवर प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, बंगले उठले. पूर्वी तासाभरात भरणाऱ्या पाटीला आता अर्धा दिवस लागतो.

मुंबई आणि पुण्याच्या मधोमध असलेल्या आमच्या मावळच्या डोंगरांना राष्ट्रीय उद्यानाची हद्द नाही. ती असती तर सगळं आलबेल असतं का? बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बघा. शंभरावर चौरस किलोमीटर जंगल, पोटात तुळशी आणि विहार तलाव, नि भोवती मुंबई-ठाण्याची गर्दी. २००४ च्या सुमारास तिथे बिबट्यांच्या हल्ल्यांत कितीतरी माणसं गेली. बिबटे पकडून दुसरीकडे सोडून झाले. शेवटी मूळ सापडलं ते आपल्याच उकिरड्यात! कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना हाताशी धरून वस्त्या-सोसायट्यांत हे समजावलं. कचरा उचला, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. हल्ले कमी झाले. पुरते थांबले नाहीत, २०२१ मध्ये आरे वसाहतीत पुन्हा झालेच. आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांच्या पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजतच आहे. मला बिबट्याइतकीच त्या पाड्यांवरच्या बायकांची काळजी वाटते.

आमच्याकडे लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आनंदच आहे. गडाखालच्या घरांतून पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांच्या हाती त्यातून चार पैसे पडावेत. पण पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मागे राहतात, ती कोण उचलणार? पुन्हा बायकाच!

करवंदांचं म्हणाल तर कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करायचा, विकायचा हक्क दिलाय. दावा ग्रामसभेतून करायचा, आणि त्यासाठीच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यातच. वस्तीवर हे सांगितलं तर एक आजी म्हणाली, "सभेत आम्हाला बोलवतंय कोण?"

अडचण आणखी एक आहे. हा हक्क वनजमिनीवर चालतो, मालकीच्या उतारावर नाही. म्हणून कुठली जाळी कोणाच्या गटात येते, हे आधी बघायला हवं. येत्या सोमवारी वस्तीवरच्या दोघी माझ्याबरोबर सातबारा काढायला वडगावला येणार आहेत.