हरत्या संघाचे सोबती

शिरूर आणि दौंड हे दोन शेजारचे तालुके. दोन्हींच्या मधून भीमा वाहते. इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. सोयरीक आली की चुरसही आलीच. कुस्तीचा फड असो की पोरांचा खेळ असो, आपला जिंकावा असे प्रत्येकाला वाटते. त्यात वावगे काही नाही. पण आपला हरू लागला म्हणजे आपण काय करतो? आज त्याचाच विचार करू.

आधी आमच्या गावची हकिकत सांगतो. २०१७ साली १५ सप्टेंबरला महाराष्ट्र शासनाने एक मोठा बेत केला. एकाच दिवशी राज्यातील दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा तो बेत होता. त्यासाठी शाळांना चेंडू मिळाले. तेव्हापासून आमच्या गावच्या पोरांना या खेळाचा नाद लागला. पुढे त्यांनी संघ केला. एका रविवारी दौंडच्या पोरांशी सामना ठरला. सारा गाव मैदानावर लोटला. बायाबापड्या आल्या. भेळवालाही आला.

खेळ सोपा आहे. दोन बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू पायाने मारायचा. समोरच्याच्या खांबांमधून चेंडू गेला की गोल झाला. चेंडू अडवायला तिथे एक गोलरक्षक उभा असतो. त्यालाच तेवढी हात लावायची मुभा. मोठ्यांचा सामना दीड तास चालतो.

मध्यंतरापर्यंत आमच्या पोरांवर चार गोल झाले. मग काय झालं? एकेक मोटारसायकल सुरू होऊ लागली. कोणाला जनावरांना पाणी पाजायचे आठवले, कोणाला दळण आठवले. पंचाची शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानावर आम्ही, चार-दोन आया आणि एक म्हातारे शेतकरी एवढेच उरलो. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा नातू संघात नव्हता. खेळही त्यांना फारसा कळत नव्हता. आम्ही विचारले, "आबा, तुम्ही नाही गेलात?" ते म्हणाले, "गुरुजी, पाऊस पडला नाही म्हणून वावर टाकून जातो का आपण?"

ते बोलणे आमच्या मनात घर करून राहिले.

आपण जिंकलो, ते हरले

दुसऱ्या दिवशी आम्ही पारावर बसलो होतो. महिन्यापूर्वी याच पोरांनी एक सामना जिंकला होता. तेव्हा पारावरचे लोक म्हणत होते, "आपण जिंकलो!" आता तेच लोक म्हणत होते, "पोरं हरली. त्यांना काही येत नाही." पाहा बरे, जिंकले ते आपण, आणि हरले ते पोरं!

ही खोड आमच्याच गावची नाही. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या विद्वानाने आपल्या सोबत्यांसह तिचा अभ्यास केला. तो १९७६ साली छापून आला. त्यांनी विद्यापीठातील मुलांवर नजर ठेवली. तिकडचा फुटबॉल निराळा, त्यात चेंडू हातानेही धरतात. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारी मुले वाढत. संघ हरला की ती कमी होत. बोलतानाही जिंकलेल्या सामन्याला मुले 'आपण' म्हणत. हरलेल्या सामन्याला 'ते' म्हणत.

म्हणजे शहाणीसुरती माणसेही असेच वागतात. दुसऱ्याच्या यशाची ऊब प्रत्येकाला हवी असते. अपयशाची झळ कोणालाच नको असते. आपल्याकडे म्हणतातच, असतील शिते तर जमतील भुते. म्हणून या खोडीची लाज बाळगून बसू नये. मात्र ती ओळखावी, आणि तिला आवर घालावा.

मुंबईला काय घडले

आता मुंबईची गोष्ट ऐका. २०१८ साली जूनच्या १ तारखेला अंधेरीच्या मैदानावर भारताचा सामना तैवानच्या संघाशी झाला. भारताने पाच गोल केले. त्यांतले तीन एकट्या कप्तान सुनील छेत्री यांनी केले. तैवानला एकही गोल करता आला नाही. एवढा मोठा विजय! पण पाहायला माणसे किती? अवघी २,५६९. मुंबईसारख्या शहरात एवढीच!

असे का झाले? आपला देश या खेळात पुष्कळ वर्षे मागे पडला होता. लोकांची यायची सवयच मोडली होती. एकदा सवय मोडली, की संघ जिंकू लागला तरी कोणी पाहायला नसते. पडक्या विहिरीला पुन्हा पाणी लागले, तरी वाट मोडलेली असली तर कोण तिकडे घागर घेऊन जाईल?

दुसऱ्या दिवशी छेत्री यांनी लोकांना हात जोडून विनंती केली. आमच्यावर टीका करा, वाटल्यास शिव्या द्या, पण मैदानावर या, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. मोबाईलवरून ते बोलणे देशभर पोचले. ४ जूनला केनिया देशाशी सामना होता. छेत्री यांचा भारताकडून तो शंभरावा सामना. त्याची सगळी तिकिटे खपली. मुंबईचा पाऊस कोसळत होता. तरी लोक भिजत बसले. भारताने ३ गोल केले, केनियाला एकही करता आला नाही.

यातून काय शिकायचे? गेलेली माणसे परत येतात. मात्र कोणीतरी त्यांना मनापासून बोलवावे लागते.

आणि ही विनंती आज पुन्हा आठवण्याजोगी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात गोव्यात मडगावला भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला. त्यामुळे २०२७ च्या आशिया चषकात खेळण्याची संधी गेली. आता आपण 'आपण हरलो' म्हणणार, की 'ते हरले' म्हणणार?

पेठेचा संघ आणि मालकाचा संघ

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तिथे पेठापेठांतून तालमी आहेत. पूर्वी तालीम म्हणजे कुस्ती. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, अशी त्यांची नावे. शाहू स्टेडियमवर सामने होतात. बाप ज्या तालमीचा, त्याच तालमीचा मुलगा. संघ हरला म्हणून कोणी पेठ बदलत नाही. घर बदलले तरी माणूस मनाने जुन्या पेठेचाच राहतो. कारण मैदानात धावणारा पोरगा पुष्कळदा गल्लीतलाच असतो.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ती स्पर्धा आपल्याच देशात झाली. आपली मुले दिल्लीत तीन सामने खेळली आणि तिन्ही हरली. तरी प्रत्येक सामन्याला चाळीस हजारांहून अधिक लोक आले. हरणाऱ्या मुलांना लोकांनी पाठ दाखवली नाही.

आता पुण्याकडे वळू. एफसी पुणे सिटी नावाचा संघ २०१४ साली निघाला. बालेवाडीच्या मैदानावर तो खेळे. नारंगी कपडे घालून लोक त्याला ओरडून धीर देत. पाच हंगाम तो खेळला. मग मालकांची पैशाची ओढाताण झाली, आणि २०१९ साली संघ बंद पडला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. नारंगी कपडे पेटीत राहिले. त्या माणसांची निष्ठा कमी होती असे नव्हे. पण संघ मालकाचा होता. मालक उठला, संघ उठला.

कोल्हापूरच्या तालमीचे तसे नाही. तिथे संघ लोकांचा आहे. लोक आहेत तोवर संघ आहे. आणि ज्या दिवशी लोक जातील, त्या दिवशी तोही जाईल. म्हणून लोकांच्या संघाला माणसांची गरज अधिक.

खाणीच्या जागेवरचे मैदान

एक परदेशची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये संडरलँड नावाचे शहर आहे. कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणी यांवर ते पोट भरी. १९८८ साली शेवटचे जहाजाचे कारखाने बंद झाले. १९९३ साली खाणही बंद झाली. त्याच खाणीच्या जागेवर फुटबॉलचे मैदान बांधले. ते १९९७ साली सुरू झाले. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याची मोठी प्रतिकृती उभी आहे.

तिकडे संघांचे वर्ग असतात, आपल्या शाळेसारखे. वरच्या वर्गातले शेवटचे तीन संघ दर वर्षी खालच्या वर्गात जातात. संडरलँडचा संघ २०१७ साली पहिल्या वर्गातून दुसऱ्यात उतरला. २०१८ साली दुसऱ्यातून तिसऱ्यात. सलग दोनदा नापास! अशा संघाला कोण पाहायला जाईल? पण त्याच वर्षी २६ डिसेंबरला, तिसऱ्या वर्गातल्या एका सामन्याला ४६,०३९ माणसे आली. २०११ च्या शिरगणतीत आपल्या दौंड शहराची वस्ती सुमारे ४९ हजार होती. म्हणजे जवळजवळ सारे दौंड एका मैदानात बसले असे समजा.

संघाला तिसऱ्या वर्गात चार हंगाम काढावे लागले. २०२२ साली तो दुसऱ्या वर्गात आला. २०२५ साली पुन्हा पहिल्यात आला. खाण गेली, कारखाने गेले, पण आपले म्हणायला एक गोष्ट उरली होती. ती लोकांनी धरून ठेवली.

गर्दीने काय होते?

कोणी विचारील, आमच्या बसण्याने गोल थोडाच होतो? आमचे उत्तर असे. २०२० साली करोनाच्या साथीत जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले. एरवी आपल्या गावात खेळणारा संघ अधिक वेळा जिंकतो. माणसे नसताना त्याचा हा फायदा कमी झालेला दिसला. म्हणजे माणसाच्या असण्याला वजन आहे. जिथे तिकीट असते, तिथे तर पाहणाऱ्याच्या पैशावर संघाचा खर्चही भागतो.

पण निष्ठा म्हणजे आंधळेपणा नव्हे. चूक झाली तर चूक म्हणावे. संघाने वर्गणी घेतली असेल तर हिशेब मागावा. सराव होत नसेल तर विचारावे. कोल्हापुरातही कधी कधी हुल्लड होते, पोलीस बोलवावे लागतात. ती निष्ठा नव्हे. समोरच्या संघावर दगड मारल्याने आपला गोल होत नाही. आणि घरातली पोरं उपाशी ठेवून तिकीट काढणे, हीही निष्ठा नव्हे. आपल्याला झेपेल तेवढेच करावे. गावच्या मैदानावर तर तिकीटही नसते. फक्त दीड तास बसायचे असते.

पुढे काय झाले

आता आमच्या गावची हकिकत पुरी करतो. त्या चार गोलांनंतर आमचा गोलरक्षक घराबाहेर पडेना. पारावरचे बोलणे त्याच्या कानावर गेले होते. त्याच्यामागून आणखी दोन पोरांनी खेळ सोडला. उरलेल्या पोरांचा संघ कसा व्हायचा? संघ मोडल्यातच जमा होता. चार गोलांनी तो मोडला नव्हता. रिकाम्या मैदानाने आणि पारावरच्या जिभेने तो मोडत होता. त्या पारावर आम्हीही बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

आबा त्या पोराच्या घरी गेले. आम्ही बरोबर गेलो. आबांनी खेळाची गोष्ट काढलीच नाही. चहा घेतला, म्हशीची चौकशी केली. उठताना एवढेच म्हणाले, "बाळा, रविवारी मी येणार आहे. तू नसलास तर मी कुणाला बघू?"

रविवारी पोरगा आला. त्याच्यामागून ते दोघेही आले. आबा लिंबाखाली बसले होते. त्यांच्याजवळ पाच-सहा माणसे होती. आमचा संघ त्या दिवशीही हरला, पण दोनच गोलांनी. सामना सुटल्यावर पोरे आबांकडे आली. आबा म्हणाले, "आज आपण हरलो. पुढल्या रविवारी बघू."

'आपण' हा शब्द पोरांनी ऐकला. आम्हीही ऐकला. त्यानंतर आम्ही एकही रविवार चुकवला नाही.

वाचकहो, तुमच्या गावातही असा एखादा संघ असेल. फुटबॉलचा नसेल तर कबड्डीचा असेल, खो-खोचा असेल. तो जिंकेल तेव्हा मिरवणुकीला माणसे कमी पडणार नाहीत. तो हरेल, त्या दिवशी तुम्ही जा.