अक्षरांतून उपदेश: डच लेखनकलेचा बहर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समधील अनेक चर्च प्रोटेस्टंटांच्या ताब्यात आली. संतांच्या मूर्ती आणि चित्रे हटली, त्यांच्या जागी सुबक अक्षरांतले फलक आले. धर्माज्ञा आणि बायबलमधील वचने आता भिंतीवर वाचायला मिळू लागली. जिथे प्रतिमा निषिद्ध ठरली, तिथे सौंदर्याची सारी हौस अक्षराने भागवली.

ही कला घडली मुख्यतः शाळांत. व्यापारामुळे चांगल्या हस्ताक्षराला मोल होते आणि कित्त्यासाठी नीतिवचने निवडली जात. त्यामुळे वळण गिरवताना मुलांच्या मनावर उपदेशही ठसे. अँटवर्पमध्ये जन्मलेले शिक्षक यान व्हान डेन व्हेल्डे यांचा ‘लेखनकलेचा आरसा’ हा ग्रंथ 1605 मध्ये रॉटरडॅमला प्रसिद्ध झाला. लेखणीच्या झोकदार वळणांचे त्यातील नमुने सिमोन फ्रिसियस यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पिसाच्या लेखणीची लवचिकता कठीण धातूत उतरवणे हे खरोखर विलक्षण कसब. मुलींची शाळा चालवणाऱ्या मारिया स्ट्रिक यांनीही कित्त्यांची पुस्तके काढली. त्यांची अक्षरे त्यांचे पती हान्स कोरत.

पुढे अक्षरे काचेवर गेली. कवयित्री आना रूमर्स व्हिस्सर हिऱ्याच्या टोकाने पेल्यांवर वचने कोरत. लेडनचे कापडव्यापारी विलेम व्हान हेम्सकेर्क यांनी हा छंद आयुष्यभर जोपासला. त्यांच्या काही बाटल्यांवर आणि पेल्यांवर संयमाचा व ईश्वरभक्तीचा उपदेश आहे. मद्याच्याच भांड्यावर तो लिहिण्यात त्या काळाला विसंगती वाटली नाही. अशा काचवस्तू आज ॲम्स्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये जतन केलेल्या आहेत.