छावणी उठली, वस्ती राहिली

हिंगोलीत पत्ता सांगताना माणसं अजून फौजेच्या खुणा सांगतात. कुणी पलटनमध्ये राहतं, कुणी रिसाला बाजारात. कुणाचं घर तोफखान्यात असतं, कुणाचं पेन्शनपुऱ्यात, आणि किराणा आणायला माणसं सदर बाजारात जातात. यातल्या एकाही वस्तीत आज पलटण नाही, घोडदळ नाही, तोफही नाही. ज्या फौजेमुळे ही नावं पडली ती १९०३ मध्ये मोडीत निघाली. हिंगोलीचा चेहरामोहरा मात्र तिनेच घडवलेला आहे.

औंढा नागनाथाला निघालेले भाविक हिंगोलीला गाडी बदलतात आणि पुढे जातात. संत नामदेवांच्या नरसीला जाणारे वारकरीही इथे फारसे रेंगाळत नाहीत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि हे जिल्ह्याचं ठाणं बनलं, तरी पर्यटनाच्या नकाशावर शहराला स्वतःची अशी जागा मिळाली नाही. ज्याच्या हाताशी एक मोकळी सकाळ आहे आणि ज्याला गल्लीबोळांतून इतिहास वाचण्याची हौस आहे, त्याने मात्र इथे जरूर उतरावं.

या गावाची ओळख करून घ्यायची तर आधी हैदराबादकडे पाहावं लागतं. निजामाच्या राजधानीच्या कडेला, सिकंदराबादच्या पलीकडे बोलारम आहे. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, ऐसपैस आवारातले बंगले असं ते इंग्रजी वळणाचं उपनगर. ब्रिटिश रेसिडेंटचा तिथला बंगला आज ‘राष्ट्रपती निलयम’ म्हणून ओळखला जातो. हे बोलारम ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचं मुख्यालय होतं. औरंगाबाद, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई आणि हिंगोली ही तिची दूरदूरची ठाणी. म्हणजे हिंगोलीची छावणी हे बोलारमचंच धाकटं भावंड. थोरल्याकडे राष्ट्रपती मुक्कामाला येतात, म्हणून त्याची निगा राखली गेली. धाकट्याला असा पाहुणा लाभला नाही.

फौज इथेच का आली, याचं उत्तर भूगोलात आहे. हिंगोलीच्या उत्तरेला आणि पूर्वेला पैनगंगेचं खोरं, त्यापलीकडे वऱ्हाड. पेशवाई कोसळण्याच्या सुमारास हा पट्टा नाईकांच्या हातात होता. हटकर नाईकांपैकी नौसाजी नाईक हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या नोव्याच्या गढीला जानेवारी १८१९ मध्ये निजामाच्या फौजेने वेढा घातला. या फौजेचे अधिकारी इंग्रज होते आणि तिचं नाव ‘रसेल ब्रिगेड’. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने ती उभी केली होती आणि पुढे ती कंटिंजंटमध्ये सामावली. गढी पडली. आतल्या अरब शिबंदीतले बहुतेक जण लढताना मारले गेले. इंग्रजांच्या लेखी हा विजय इतका मोलाचा ठरला की ‘नोवा’ हे नाव त्या पलटणींच्या युद्धसन्मानांत कायमचं नोंदलं गेलं. नाईकांचा मुलूख ताब्यात ठेवायचा तर कुठेतरी कायमचा तळ हवा होता. कयाधू नदीकाठची हिंगोली त्यासाठी सोयीची होती.

अशा छावणीची मांडणी ठरलेली असे. पायदळाच्या ओळी एका बाजूला, त्या झाल्या पलटन. घोडेस्वारांचा तळ वेगळा, तो रिसाला. तोफांचा तिसरा. कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. स्वाराने घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणायचा, सरकारने त्याला महिन्याचा पगार द्यायचा. त्यामुळे रिसाल्याजवळ नालबंद, खोगीर शिवणारे, गवत-चंदी विकणारे हवेतच. अधिकाऱ्यांचे बंगले थोडे दूर, झाडीत. या सगळ्यांना धान्य, कापड, तेल-तूप पुरवायला सदर बाजार. आणि नोकरी संपल्यावर मुलुखाकडे परत न जाता इथेच घर बांधून राहिलेल्या शिपायांचा पेन्शनपुरा. गावाचा नकाशा असा फौजेच्या गरजांनी आखला गेला.

या बाजाराची एक काळीकुट्ट कहाणी आहे. ती लिहून ठेवली निजामाच्या फौजेतच नोकरी केलेल्या फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ठगांवरच्या गाजलेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत येते. हरिसिंग छावणीतला अब्रूदार व्यापारी होता. टेलरने स्वतः त्याच्याशी व्यवहार केले होते. मुंबईहून कापड आणायचं आहे, असं सांगून हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि मालकासह हिंगोलीच्या वाटेवर होतं, हे त्याला ठाऊक होतं. वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना मारून हरिसिंगाने तो माल सरकारी परवान्यावर छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे कबूल केलं, तेव्हाच ते उजेडात आलं.

पुढचा भाग त्याहून भयंकर आहे. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात हरिसिंगाच्या ठगांच्या टोळीने माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळात पुरली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनी एकेक जागा दाखवली, तशी ती उकरली गेली. टेलर तिथे हजर होता. शेवटी पाहवेना म्हणून खोदकाम थांबवलं, असं तो सांगतो. ठगीबद्दलच्या इंग्रजी कागदपत्रांत अतिशयोक्ती किती आणि खरं किती, यावर इतिहासकारांत आज वाद आहे. या कहाणीतला एक तपशील मात्र त्या वादापलीकडे विचार करायला लावतो. गुन्हा लपला तो जंगलात नव्हे. तो लपला शिस्तीच्या, पहाऱ्याच्या आणि परवान्याच्या आडोशाला. नव्या गावात कुणी कुणाला ओळखत नसतं, आणि छावणी म्हणजे तर सगळेच परगावचे.

फौज निजामाच्या नावाची, हुकूम ईस्ट इंडिया कंपनीचा आणि खर्च निजामाच्या माथी, असा हा तिहेरी कारभार होता. पगार भागवण्यासाठी निजामाच्या दरबाराने हैदराबादच्या पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढलं. पुढे ते कर्जप्रकरण इंग्लंडपर्यंत गाजलं. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने तह लादला. कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाचा भाग कंपनीकडे सोपवावा लागला. रायचूर आणि धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. आज हिंगोलीहून वाशीमला जाताना कन्हेरगाव नाका ओलांडला की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. हिंगोली निजामाच्या राज्यात राहिली, वाशीम इंग्रजांच्या कारभारात गेलं. दोन्हीकडची बोली, शेती, सोयरीक एकमेकांत मिसळलेली, पण कायदे आणि शाळा पुढची शंभर वर्षं वेगळ्या राहिल्या. या ताटातुटीच्या मुळाशी हिंगोलीतल्यासारख्या छावण्यांच्या पगाराचा हिशेब होता, हे फार जणांना माहीत नसतं.

१८५७ च्या उठावात कंटिंजंटच्या औरंगाबादच्या रिसाल्यात असंतोष उफाळला. पण फौजेचा मोठा भाग इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या मोहिमेत झाशी, काल्पी, ग्वाल्हेरपर्यंत लढला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या भारतीय सेनेत विलीन झालं. हिंगोलीचं ठाणं उठलं. त्यातल्या पायदळ पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट घडली आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. आज या रेजिमेंटचं केंद्र उत्तराखंडात राणीखेतला आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गढीचा वेढा हिमालयातल्या रेजिमेंटच्या इतिहासात जाऊन बसला, तो असा.

फौज गेली की छावणीची गावं ओस पडतात, असा सर्वसाधारण अनुभव. हिंगोली ओस पडली नाही. कंटिंजंटच्या पायदळात अवध-बिहारकडचे शिपाई मोठ्या संख्येने होते, रिसाल्यात दख्खनी मुसलमान होते, आणि बाजारामागे मारवाडी व्यापारी आले. या मंडळींची पुढची पिढी इथलीच झाली. म्हणून आज हिंगोलीच्या बाजारात मराठी, दख्खनी उर्दू, मारवाडी आणि हिंदी एकाच दुकानात ऐकू येतात. फौजेच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पूर्ण्याहून रेल्वे आली आणि कापसाच्या व्यापाराला जोर आला. आता मोंढ्यात हळदीचा बोलबाला आहे. हिंगोली आणि वसमत ही दोन्ही नावं राज्यातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असतात. हंगामात यार्डाजवळून गेलं तर वाऱ्यावर हळदीचा वास येतो.

या मिसळीचा सर्वांत मोठा सोहळा म्हणजे हिंगोलीचा दसरा. मराठवाड्यात एरवी दसरा म्हणजे सीमोल्लंघन, आपट्याची पानं आणि थोरामोठ्यांच्या पाया पडणं. हिंगोलीत त्याच्या जोडीला रामलीला असते, मोठी जत्रा भरते आणि रामलीला मैदानावर रावणाच्या उंच पुतळ्याचं दहन होतं. खाकीबाबा मठाच्या महंतांनी १८५५ मध्ये ही परंपरा सुरू केली, असं गावात सांगितलं जातं. म्हैसूरनंतर आपलाच दसरा, हे तर इथला प्रत्येक जण अभिमानाने ऐकवतो. १८५५ म्हणजे छावणी पुरत्या भरात असतानाचा काळ. उत्तरेकडच्या शिपायांनी भरलेल्या गावात रामलीलेला प्रेक्षक कुठून मिळाले असतील, याचं कोडं पडू नये. लष्कराने ठेवलेला हा सर्वांत टिकाऊ वारसा, असं माझं मत आहे.

मग पाहायचं काय? ताजमहाल शोधायला येणाऱ्याची इथे निराशा होईल. जुन्या सरकारी आवारांत कडुनिंबाची आणि चिंचेची सावली अजून सापडते, तिथून सुरुवात करावी. तोफखाना, रिसाला बाजार, पेन्शनपुरा आणि पलटन या वस्त्या पायी फिरण्याजोग्या आहेत. जलेश्वराचं मंदिर आणि त्याचा तलाव पाहावा, मग कयाधूच्या काठावर जावं. गड्डेपीर गल्लीतला चिंतामणी गणपती नवसाला पावणारा म्हणून प्रसिद्ध आहे. अनंत चतुर्दशीला नवसाचे मोदक घ्यायला इथे दूरदूरहून अलोट गर्दी लोटते. गल्लीचं नाव पिराचं आणि गर्दी गणपतीची, हेही हिंगोलीच्या स्वभावाला धरूनच. शहरात राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ चं ठाणं आहे, त्यामुळे गणवेशातल्या माणसांची आणि सकाळच्या कवायतीची सवय या गावाला आजही आहे.

नगर परिषदेने आणि शाळांनी मनावर घेतलं तर एक सोपं काम होण्याजोगं आहे. प्रत्येक जुन्या वस्तीच्या नाक्यावर चार ओळींचा फलक लावावा: इथे कोण राहत होतं, कधीपासून, कशासाठी. खर्च किरकोळ येईल. नववी-दहावीच्या मुलांनी घराघरांतून कागद, तलवारीच्या मुठी, पेन्शनची पुस्तकं आणि आजोबांच्या आठवणी गोळा केल्या तर गावाचा इतिहास गावच लिहील. आज तो टेलरसारख्या परक्या अधिकाऱ्यांच्या पुस्तकांत आणि रेजिमेंटच्या दप्तरात विखुरलेला आहे. त्यात हुकूम देणाऱ्यांची नावं सापडतात. नाल ठोकणाऱ्यांची, गवत विकणाऱ्यांची आणि पेन्शनपुऱ्यात म्हातारपण काढणाऱ्यांची सापडत नाहीत.

कसं जाल: अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर ‘हिंगोली डेक्कन’ स्थानक आहे. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून येणं-जाणं सोपं झालं आहे. नांदेड, परभणी, वाशीम आणि अकोल्याहून एसटीच्या गाड्या आहेत. औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग आणि कयाधूकाठचं नरसी नामदेव ही दोन्ही ठिकाणं हिंगोलीहून तासाभराच्या आत गाठता येतात. एप्रिल-मेचं ऊन टाळावं. नवरात्रात आलात तर मुक्कामाची सोय आधी करून ठेवा, कारण दसऱ्याला सगळी पंचक्रोशी हिंगोलीत असते.