सैन्याविना साडेदहा वर्षं : बोट्स्वानाची गोष्ट

देश स्वतंत्र झाला की झेंडा, राष्ट्रगीत आणि सैन्य हे तिन्ही लगेच उभं राहतं, असं आपण धरूनच चालतो. आज ज्या देशाबद्दल बोलणार आहोत, त्याने मात्र सैन्य उभारलंच नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

हा देश म्हणजे आफ्रिकेतला बोट्स्वाना. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. समुद्रकिनारा नाही, बराचसा भाग कालाहारीच्या वाळवंटाचा, आणि डांबरी रस्ते जेमतेम १२ किलोमीटर. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्यापुढे सरळ हिशोब होता: तिजोरीत आहे ते शाळा-दवाखान्यांवर घालायचं की बंदुकांवर? त्यांनी सैन्य ठेवलं नाही. सीमेवर पोलिसांचीच एक फिरती सशस्त्र तुकडी पहारा देत असे.

पण शेजार कसा होता, तेही बघा. दक्षिणेला वर्णभेदी दक्षिण आफ्रिका, पश्चिमेला तिच्याच ताब्यातला नामिबिया, ईशान्येला गोऱ्यांची सत्ता असलेला ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे. ऱ्होडेशियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, तसे निर्वासित बोट्स्वानात येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग ऱ्होडेशियाचे सैनिकही सीमा ओलांडू लागले. पोलिसांच्या बळावर हे थोपवणं शक्य नव्हतं. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये 'बोट्स्वाना डिफेन्स फोर्स' स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख मोम्पाती मेराफे हेही पोलीस खात्यातूनच आले होते.

वर्षही पुरतं झालं नव्हतं. फेब्रुवारी १९७८ मध्ये लेशोमा गावाजवळ ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी दबा धरून हल्ला केला. त्यात या नवख्या दलाचे १५ जवान मारले गेले. पुढे १४ जून १९८५ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी थेट राजधानी गाबोरोनमध्ये घुसून १२ जणांना ठार केलं. सैन्य होतं, तरी हे टळलं नाही.

मग खामांचा पहिला निर्णय चुकला का? मला विचाराल तर, नाही. आफ्रिकेत त्या काळी कितीतरी ठिकाणी सैन्याने सरकारं उलथवली. बोट्स्वानात असं एकदाही घडलं नाही. यामागे कारणं अनेक आहेत. हिऱ्यांचं उत्पन्न हे त्यातलं मोठं. पण सैन्य उभं राहिलं तोवर संसद, निवडणुका आणि प्रशासन यांची घडी बसली होती, हेही विसरून चालणार नाही.

शेजारची युद्धं शमली, तसं या दलाचं कामही बदललं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे जवान हत्ती आणि गेंड्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांचा माग काढू लागले.

सैन्य उशिरा आल्याची किंमत लेशोमाच्या जवानांनी मोजली. त्या उशिराचा फायदा मात्र पुढच्या पिढ्यांना मिळाला. बोट्स्वानाचं कौतुक करताना या दोन्ही गोष्टी सोबतच सांगायला हव्यात.