गिनीचा नकार आणि बोरघाटाचा हिशेब

कर्जतहून बोरघाट चढणारा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो बांधताना हजारो मजूर मृत्युमुखी पडले. रेल्वे कंपनीच्या इंग्रज भागधारकांना मात्र ५ टक्के व्याजाची हमी होती आणि येणारी तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेब उलटा केला. १९४७ साली ब्रिटनच भारताचे शंभर कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होते. ती रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली, तरी धनको या नात्याने भारताला जुन्या राज्यकर्त्यांशी बरोबरीने बोलता आले.

पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या हाती अशी पुंजी नव्हती. २८ सप्टेंबर १९५८ रोजी सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखाली त्या देशाने फ्रेंच राष्ट्रसमुदायात राहण्यास नकार दिला. फ्रान्सने आपले अधिकारी आणि अर्थसाहाय्य तत्काळ काढून घेतले. १९६० मध्ये गिनीने स्वतःचे चलन काढले; १९६५ मध्ये राजनैतिक संबंध तुटले, ते १९७५ मध्येच पुन्हा जुळले.

त्या नकारातील बाणेदारपणा कौतुकास्पद खरा. परंतु कर्जतला मागे इंजिन जोडल्याशिवाय जड गाडी घाट चढत नाही. राजकीय स्वातंत्र्यालाही आर्थिक बळाचा तसाच रेटा लागतो, हे विसरून चालणार नाही.