पोटाचे डायलिसिस – ५ : नळी जिथे त्वचा ओलांडते

पोटाचे डायलिसिस घरी करता येते, ही त्याची मोठी सोय गेल्या लेखांकात पाहिली. पण उपचार घरी आले की जंतूंना अडवण्याचे कामही घरीच येते. दिवसातून चार वेळा द्रवाची पिशवी बदलणारा रुग्ण वर्षभरात १,४६० वेळा पोटात बसवलेल्या नळीचे तोंड उघडतो. पोटात सोडलेल्या पाण्यात ग्लुकोज असते आणि ते अंगाच्या उबेत तासन्‌तास राहते. तिथे पोचलेले जंतू झपाट्याने वाढतात, पोटाचे आतले अस्तर सुजते आणि पेरिटोनायटिस होतो. तो वारंवार झाला तर अस्तर निकामी होऊन हा उपचारच सोडावा लागतो.

जंतूंना वाटा दोन : नळीच्या आतून आणि नळीच्या बाहेरून.

आतली वाट अरुंद केली ती इटलीतल्या पेरुजियाच्या उंबेर्तो बुओनक्रिस्तियानी यांनी. पूर्वी नवी पिशवी जोडली की द्रव थेट पोटात जाई. जोडताना सांध्यावर चिकटलेले जंतूही त्याबरोबर आत शिरत. बुओनक्रिस्तियानी यांनी इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची नळी वापरून क्रम उलटा केला. आधी सांधा धुऊन निघेल असा प्रवाह बाहेर सोडायचा, मगच पोट भरायचे. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये या नळीच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जुन्या पद्धतीत साधारण ११ महिन्यांतून एकदा होणारा पेरिटोनायटिस नव्या पद्धतीत ३३ महिन्यांतून एकदा होऊ लागला. श्रेय एकट्या बदललेल्या क्रमाचे नव्हते, नळीत जंतुनाशकही वापरले होते. आजच्या जोडपिशव्या ‘आधी धुणे, मग भरणे’ याच तत्त्वावर चालतात. तरी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणे, तोंडाला मास्क लावणे आणि जोडणी होईपर्यंत पंखा बंद ठेवणे सुटत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात हे शेवटचे पथ्य जाचक वाटते, पण उडालेली धूळ नेमकी उघड्या तोंडावर बसते.

बाहेरची वाट म्हणजे नळी त्वचेतून बाहेर पडते ते छिद्र. सिएटलच्या हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये सिलिकॉनची नळी आणली आणि तिच्यावर डेक्रॉनची दोन कडी बसवली. एक स्नायूत रुतते, दुसरे त्वचेखाली राहते. त्यांत ऊतक वाढते आणि जंतूंची वाट बुजते. मात्र नळी हिसकली तर हे बूच सैल होते. म्हणून ती पोटाला चिकटपट्टीने बांधून ठेवायची आणि छिद्रावरची खपली कधीही ओढायची नाही. छिद्राची जागा शस्त्रक्रियेआधीच, रुग्णाला बसवून आणि उभे करून आखायला हवी. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे घासतो, तिथे छिद्र नको. ही पाच मिनिटांची आखणी कुठे राहून जात असेल, तर रुग्णाने ती मागून घ्यावी.

छिद्राला रोज काय लावायचे? आपल्याकडे जखम म्हटली की हात हळदीकडे नाही तर मधाकडे जातो. मधाची परीक्षा तर खरोखरच झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ केंद्रांत ३७१ रुग्णांवर ‘हनीपॉट’ चाचणी झाली. एका गटाने निर्जंतुक केलेला औषधी मध रोज छिद्रावर लावला. दुसऱ्या गटातल्या ज्या रुग्णांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला, त्यांनी नाकात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम लावले. २०१४ साली निकाल आला : मध सरस ठरला नाही, आणि मधुमेही रुग्णांत तर संसर्गाचा धोका वाढला. डायलिसिसवरच्या अनेकांना मधुमेहच इथवर आणतो, म्हणून हा निकाल घरोघरी पोचायला हवा. छिद्रावर थेट लावायच्या प्रतिजैविक मलमांचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. पिट्सबर्गमध्ये १३३ रुग्णांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेंटामायसिनच्या मलमाने छिद्राचा संसर्ग म्युपिरोसिनच्या निम्म्याहून कमी ठेवला. तरी मलम कोणते, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू सगळीकडे सारखे नसतात.

इतके करूनही एखाद्या सकाळी बाहेर आलेले पाणी गढूळ दिसू शकते. पोट दुखत नाही, ताप नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नये. ती पिशवी ओतून न टाकता तशीच बांधून रुग्णालयात न्यावी. तिच्यातल्या पाण्याच्या तपासणीवरूनच कोणते प्रतिजैविक द्यायचे ते ठरते.